दरवर्षी दोन कंपनं

कुणीच बोलत नव्हतं. ऑर्गनच्या पोटातली चाकं तेवढी फिरत होती. त्यांची बारीक घरघर रिकाम्या थिएटरभर पसरत होती, आणि तिच्यामुळे आमचं गप्प राहणं अधिकच ऐकू येत होतं. मास्तरांची दहाही बोटं अजून पट्ट्यांवर होती. मामाचा उजवा पंजा गिटारच्या तारांवर आडवा पडला होता, भलतंच काही बोलून गेलेल्या मुलाच्या तोंडावर ठेवावा तसा.

दोघांनी एकाच क्षणी, एकाच गाण्याची पहिली कॉर्ड, सुरांची पहिली जुडी, वाजवली होती, आणि त्या दोन कॉर्डींच्या मधे जवळजवळ अर्ध्या सुराची फट पडली होती. दोन सूर पुरेसे लांब असले तर शेजाऱ्यांसारखे नांदतात. इतके जवळ आले, की एकमेकांना ओरबाडतात.

बेस गिटार वाजवणाऱ्या मौनीने खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

"बावीस वर्षांनी घरी आलो," मास्तर अखेर म्हणाले, "तर तुम्ही अख्खं घरच खाली सरकवून ठेवलंय की रे!"

कुणी हसलं नाही. मामाने मान वळवली. ऑर्गनकडे नाही, मौनीकडेही नाही. पडद्याच्या कडेला माझं टेबल होतं. त्यावर पक्कड, तारांची वेटोळी, मऊ फडकं आणि सूर मोजणारा काळा डबा, ट्यूनर. त्याने त्या टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पंधरा मिनिटं थांबू या. चहा घ्या सगळ्यांनी," तो म्हणाला. आणि मला म्हणाला, "तू आत ये. तो डबा घेऊन."

मी त्याच्या बहिणीची मुलगी. अठरा वर्षं त्याच्या गिटारी सांभाळते आहे: तारा बदलते, खुंट्या पिळते, आवाज करणारा विजेचा सांधा शोधून त्याला डाग देते, प्रवासात त्या पेट्यांच्या शेजारी झोपते. मी मामा म्हणते म्हणून आधी सोबतचे वादक, मग थिएटरवाले, मग जाहिराती आणि शेवटी अनोळखी श्रोतेही त्याला मामा म्हणू लागले. सुरुवातीला तो वैतागायचा. "फोटोत केस मोकळे, अंगात चामड्याचं जाकीट, आणि खाली लिहिलंय मामा! कोण घाबरणार आहे मला?" पुढे त्याची सवय झाली. आता गर्दीतून नावाने कुणी हाक मारली तर तो वळतही नाही.

आमच्या मंचावर एक रीत आहे, ती मीच पाडलेली: मंच एक, ट्यूनर एक. कुणीही येवो, कितीही मोठा पाहुणा असो, आपलं वाद्य माझ्या टेबलावर ठेवायचं आणि सुरात लावलेलं परत घ्यायचं. लोक या शिस्तीचं कौतुक करत. त्या शिस्तीच्या आडोशाला काय दडलं होतं, ते तिघांना ठाऊक होतं: मला, मामीला आणि मौनीला. मौनी वर्षातून दोनदा बोलतो, त्यामुळे त्याची भीती नव्हती.

वाद्यांच्या जगाने आपसांत एक आकडा ठरवून घेतला आहे. एक ठरावीक सूर सेकंदाला चारशे चाळीस कंपनांचा असायचा, आणि बाकीच्या सगळ्या सुरांनी त्याच्याकडे बघून आपापली जागा घ्यायची. ट्यूनरवर हा आकडा बदलता येतो. अकरा वर्षांपूर्वी, मामाच्या एकोणसाठाव्या वाढदिवशी नव्या तारा घालताना, मी तो चारशे अडतीस केला. पुढच्या वाढदिवशी चारशे छत्तीस. तारा तेवढ्याच सैल झाल्या, तेवढ्याच मऊ. दोन कंपनांचा फरक कुणाच्या कानाला जाणवत नाही, सगळेच मिळून खाली उतरत असतील तर मुळीच नाही. मामा स्वतःच्या जुन्या रेकॉर्ड कधी ऐकत नाही, "झालेलं जेवण पुन्हा कोण जेवतं?" म्हणतो. घरातली सरावाची गिटारही मीच लावत असे. असं करत करत, जिना उतरणाऱ्याला पायऱ्या कळू नयेत अशा बेताने, मी एका माणसाला अख्खा मजला उतरवून आणलं होतं.

कारण त्याच्या डाव्या हाताची अनामिका. त्याची सगळी कीर्ती त्या एका बोटावर उभी आहे. तार दाबून ते बोट तिला वर ढकलतं, तार ताणली जाते, सूर चढत जातो, आणि ऐकणाऱ्याच्या छातीत कुठेतरी काहीतरी तसंच ताणलं जातं. त्या बोटाचा सांधा सुजू लागला होता. मामा कुणाला बोलला नव्हता. मामीने पाहिलं आणि ती माझ्याकडे आली.

सत्तराव्या वाढदिवसाच्या कार्यक्रमाला मास्तर येणार हे ठरलं, तेव्हा मला धास्ती वाटायला हवी होती. पण निरोप असा आला होता की मास्तर हल्ली विजेवरचा नवा कीबोर्ड वाजवतात. त्याची पट्टी एका बटणाने खाली येते. बटण कुठे असतं तेही मी शोधून ठेवलं होतं. आणि आज सकाळी दहा वाजता चार हमालांनी घामाघूम होऊन आणला तो त्यांचा जुना ऑर्गन. लाकडी, कपाटाएवढा. आत धातूची चाकं ठरलेल्या वेगाने फिरतात आणि ठरलेलाच सूर देतात. त्याला खुंट्या नसतात. "म्हटलं, सत्तरी आहे," मास्तर कपाळ पुसत म्हणाले होते, "खेळणं काय घेऊन यायचं!"

कपड्यांच्या खोलीत आरशाभोवती बारा दिवे होते, त्यातले तीन गेलेले. नळ ठिबकत होता. मामा खुर्चीत बसला होता आणि डावा हात त्याने समोर टेबलावर पालथा ठेवला होता, दुसऱ्याच कुणाचा तरी इथे विसरून राहिलेला असावा तसा.

"किती?" त्याने विचारलं.

"चारशे अठरा."

"आणि हवं किती?"

हे त्याला ठाऊक होतं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"चारशे चाळीस."

"कधीपासून?"

"अकरा वर्षं झाली. दरवर्षी दोन. तुझ्या वाढदिवशी, नव्या तारा घालते तेव्हा."

"वाढदिवशी." तो शब्द त्याने जरा वेळ तोंडात धरला. "म्हणजे भेटच की. आज सकाळीही दिलीस?"

"नाही. आज माझा हात गेला नाही."

टेबलावर कार्यक्रमाचं पत्रक पडलं होतं. त्याने ते उजव्या हाताने माझ्याकडे सरकवलं. मी ते पन्नास वेळा वाचलं होतं; छापायलाही मीच दिलं होतं. त्याच्या फोटोखाली मोठ्या अक्षरांत एक ओळ होती: सत्तरीतही त्याच पट्टीत.

"मुलाखतीत मीच सांगितलं होतं हे," तो म्हणाला. "ऐटीत सांगितलं होतं. माझ्या वयाची माणसं गाणी खाली आणतात, मी अजून आणलेली नाहीत, असं. वरचा सूर लागतो, आवाज चढतो. मला वाटायचं, काय शरीर दिलंय देवाने!" तो हसला, पण ते हसू दात दाखवण्यापुरतंच होतं. "देवाने नाही, भाचीने."

दार ढकलून मामी आत आली. चष्मा कपाळावर, हातात तिकिटांच्या याद्या. तिने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि याद्या बेसिनच्या कठड्यावर ठेवल्या.

"तिच्यावर डोळे वटारू नकोस. मी सांगितलं होतं तिला."

"तू?"

"मी. तुझ्या शर्टांची बटणं कोण लावतं?"

"बटणांचा काय संबंध?"

"अकरा वर्षं तुझे शर्ट खुंटीवर टांगते ना, त्यांची बटणं आधीच लावून टांगते. वरची दोन सोडून. तू डोक्यातून घालतोस आणि निघतोस. कधी मनात आलं, ही आधीच कशी लागलेली असतात?"

मामाने स्वतःच्या छातीकडे पाहिलं. खरंच, वरची दोन उघडी होती.

"मला वाटायचं," तो सावकाश म्हणाला, "तू धुताना काढायचा कंटाळा करतेस."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही. मामीने दोन्हीला जागा दिली नाही. "काढायचा कंटाळा!" ती म्हणाली. "चाळीस वर्षं संसार केला या माणसाशी."

"म्हणजे सगळ्या घराला ठाऊक," मामा म्हणाला. "एक घरमालक सोडून."

"घरमालकाला सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्या दिवशी गिटार पेटीत घातली असती. तुला मी ओळखत नाही?"

त्याने पत्रक फोटोसकट पालथं घातलं. म्हणजे ते खरं होतं. नळ ठिबकत राहिला. मला वाटत होतं की त्याने ओरडावं. ओरडणाऱ्या माणसाला निदान उत्तर देता येतं.

मास्तर दार न वाजवता आले. हातात चहाचा पेला, आणि चेहऱ्यावर आपण शेजाऱ्याची फुलदाणी फोडली आहे असा भाव. "ऐक," ते मामाला म्हणाले, "मी मौनीकडून सगळं काढून घेतलं. चार वाक्यं बोलला बिचारा. दोन वर्षांचा साठा संपला त्याचा. यात अडचण काहीच नाही. पोरगी तारा आणखी जराशा खाली घेईल, म्हणजे बरोबर अर्धा सूर होईल. मी सगळी गाणी एक पट्टी डावीकडे सरकून वाजवतो. कुणाला पत्ता लागणार नाही. माझे हात काय मोडलेत का..."

आणि ते तिथेच थांबले. टेबलावरचा तो पालथा हात त्यांना तेव्हा दिसला.

 

"वर घे," मामा म्हणाला.

"काय?"

"तारा. सगळ्या गिटारी, बेससकट. चारशे चाळीसला घे."

"मामा, अकरा वर्षं तुझं बोट सैल तारेवर आहे. एवढा ताण एकदम... नऊ गाणी आहेत."

"नऊपर्यंत मोजता येतं मला."

"मग निदान बारीक तारा घालते. मऊ पडतील."

"तारा त्याच." तो उठला. उभा राहिला की अजूनही खोली लहान वाटते. "पत्रकावर खोटं छापलंय. चार वाजेपर्यंत ते खरं करायचं, एवढंच काम आहे." मग त्याने हात पुढे केला. मला आधी कळलं नाही. "तो डबा दे."

मी ट्यूनर दिला. त्याने तो जाकिटाच्या खिशात घातला.

"तू कानाने लाव," तो म्हणाला. "मास्तर सूर देईल. त्याचं यंत्र तरी खोटं बोलत नाही."

अठरा वर्षांत त्याने माझ्या हातातून काही काढून घेण्याची ही पहिली वेळ होती. डबा लहान, जेमतेम तळहाताएवढा. पण मी मंचाकडे गेले तेव्हा दोन्ही हात कुठे ठेवावेत ते मला समजेना.

एकेक खुंटी पिळत मी बसले. मास्तर ऑर्गनवर एक पट्टी दाबून धरत आणि मी तारेला त्या सुरापर्यंत चढवत नेई. जवळ पोचताना दोन सुरांत एक थरथर उठते. जसजसं अंतर मिटतं तसतशी ती मंदावते आणि शेवटी थांबते. त्या थांबण्याइतकं प्रामाणिक दुसरं काही मला माहीत नाही. तारा कुरकुरत होत्या. अकरा वर्षं मी त्यांना वाकायला शिकवलं होतं, आता ताठ उभं करत होते.

पाहुणी गिटारवाली शेजारी येऊन बसली. चाळिशीची, जाहिरातींवर आता तिचं नाव मामापेक्षा मोठ्या अक्षरांत असतं, पण मामाच्या रेकॉर्डचा वेग निम्मा करून, गच्चीवर एकटी बसून ती शिकलेली. "सकाळी तुम्ही माझी गिटार परत दिलीत, तेव्हाच मला कळलं होतं," ती हळूच म्हणाली. "त्या रेकॉर्ड माझ्या हाडात मुरल्यात. पण म्हटलं मोठी माणसं आहेत, काहीतरी कारण असेल. मी गप्प बसले."

आम्ही सगळेच किती प्रेमाने गप्प बसलो होतो.

ती गेल्यावर मास्तर म्हणाले, "आमचं भांडण कशावरून झालं, ठाऊक आहे तुला?"

मी ऐकलेल्या कथांत पैसा होता, एक गायिका होती, एकदा तर बंदूकही होती. मी नाही म्हणून मान हलवली.

"एका कॉर्डवरून," मास्तर म्हणाले. "शेवटच्या गाण्यातली ती लांब तार. तो सूर चढवतो, पुरा एक सूर वर, आणि अकरा सेकंद धरून ठेवतो. खाली मी एकच कॉर्ड दाबून बसायचं. वर्षानुवर्षं. एकदा म्हटलं, मला खाली जरा हलू दे, तुझ्या त्याच सुराला वेगळा उजेड पडेल. तर म्हणतो, खालचं हललं की वरचं माझं राहत नाही. म्हटलं, मग खाली खांब रोव, माणूस कशाला हवा? आणि उचलला ऑर्गन, निघालो."

"हा ऑर्गन? उचलून?"

"चौघांनी. दोन मजले. रागाने निघून जायचं तर वाटेत तीनदा टेकावं लागलं." ते हसले, मग त्यांनी पुढची पट्टी दाबली. "चढव. अजून थोडं खाली आहे. हं. आता थांबली."

कार्यक्रम चारचा होता. रात्रीचा ठेवावा असं थिएटरवाल्यांचं म्हणणं, पण मामाने ऐकलं नव्हतं. "माझे श्रोते आता नऊला गोळ्या घेऊन झोपतात," तो म्हणाला होता. दोन हजार खुर्च्या भरल्या. टक्कल, काठ्या, कानातली यंत्रं; मधेच एखादं जुनं चामड्याचं जाकीट, ज्याची चेन आता पोटावर लागत नाही.

मी कडेच्या अंधारात उभी होते आणि माझं सगळं लक्ष एका बोटावर होतं.

पहिल्या गाण्यातच मला जाणवलं की मामा वेगळं वाजवतो आहे. जिथे तो नेहमी तार ओढायचा तिथे त्याने ती सोडली. सूर फक्त ठेवला आणि बाजूला झाला. दुसऱ्या गाण्यात त्याने एकट्याने वाजवायची आपली जागा पाहुणीला दिली, नुसत्या भुवईने. ती बावरली, मग तिने अशी काही तार चढवली की खुर्च्यांमधले लोक पुढे सरकले. आणि मामा तिच्यामागे तीनच कॉर्ड, पण अशा वजनाने वाजवत राहिला, की जणू तिच्या पायाखाली कुणीतरी फरशी घालत जातंय. आयुष्यभर मी त्याला भरभरून वाजवताना ऐकलं होतं. कमी वाजवताना तो किती मोठा आहे ते मला माहीत नव्हतं. एकेका सुराआधी तो वाट पाहत होता, आणि त्या वाट पाहण्याला देखील ताल होता.

पाचव्या गाण्यात वरचा सूर गायचा होता. खऱ्या पट्टीत तो आता त्याला लागणार नाही हे मला कळत होतं, मौनीलाही. मौनीने डोळे मिटून घेतले. मामा ध्वनिक्षेपकापाशी आला, श्वास घेतला, आणि तो सूर न गाता ध्वनिक्षेपक लोकांकडे वळवला. दोन हजार म्हाताऱ्यांनी एकदम प्रयत्न केला. एकालाही लागला नाही. जे काही झालं ते गाणं नव्हतं, पण त्यानंतर जो हशा उसळला तो तालात होता.

"बरं झालं," मामा म्हणाला. "मला वाटलं, मी एकटाच आहे."

टाळ्या थांबेनात. तो नुसता विनोद नव्हता हे मंचावरच्या पाचसहा जणांना तेवढं समजलं. खिशातला ट्यूनर चाचपत त्याने क्षणभर माझ्या दिशेने पाहिलं, असं मला वाटलं. अंधारात मी त्याला दिसणं शक्य नव्हतं.

आठव्या गाण्यानंतर त्याने डावा हात मांडीवर पुसला. घामासाठी नव्हे. अनामिका सरळ होत नव्हती. मामी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती. तिने माझं मनगट धरलं आणि ते इतकं आवळलं की तिच्या बांगडीचा ठसा उमटला.

आणि मग ते गाणं आलं. दुसरं काहीही सोडून देता येतं, वळसा घालता येतो, हसून लोकांच्या हवाली करता येतं. ती एक तार तेवढी सोडता येत नाही. लोक तिच्यासाठी येतात. कुणी ती ऐकत प्रेमात पडलं होतं, कुणी तिच्यासोबत कुणाला तरी पोचवून आलं होतं. त्या अकरा सेकंदांत प्रत्येकाने आपापलं काहीतरी ठेवलेलं असतं आणि ते बघायला परत यायचं असतं.

मामाने तार दाबली. अनामिकेला मधल्या बोटाचा आणि तर्जनीचा टेकू दिला. ढकलली. सूर निघाला, चढू लागला; पाव, अर्धा. मग मी त्याच्या मानेची शीर पाहिली. बोट थांबलं होतं. सूर अर्ध्या वाटेवर, कठड्याला धरून उभा राहिल्यासारखा, वर जाईना आणि खालीही येईना. त्या जागी तो कुणाचाच नव्हता. खालच्या कॉर्डशी त्याचं पटत नव्हतं. सकाळचीच ती फट पुन्हा उघडली होती, आता दोन हजार माणसांसमोर.

एक सेकंद. दोन.

मास्तरांनी मान वर केली. मामाकडे पाहिलं. आणि बावीस वर्षांपूर्वी ज्यावरून घर सोडलं ते त्यांनी केलं: कॉर्ड बदलली. उदास रंगाचे ते जुने सूर त्यांनी सोडले आणि खालून नवे, उजळ सूर वर आणले. मामाचा सूर तसूभरही हलला नव्हता, पण त्याच्याखालची जमीन येऊन त्याला मिळाली. अडकलेला सूर आता पोचलेला सूर होता. बंद खोलीत कुणी पडदा सारावा आणि ज्याला आपण भिंत समजत होतो ती खिडकी निघावी, तसं.

मामाने डोळे उघडले. खालचं हललं होतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते: तो हात उचलेल, गाणं थांबवेल, असं वाटण्याइतका एक क्षण मधे गेला. त्याने हात उचलला नाही. सूर धरून ठेवला. नऊ, दहा, अकरा सेकंद. मग बारा. मग पंधरा. थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी त्याने तार सोडली आणि तिला उतरू दिलं, अगदी सावकाश, पायरी पायरीने. मामीने माझं मनगट सोडलं.

लोक उभे राहिले. मौनी रडत होता. त्याच्या वर्षाच्या कोट्यात रडणं धरलेलं नसावं.

सहाच्या सुमाराला थिएटर रिकामं झालं. मागच्या दारातून उतरतं ऊन आत येत होतं. हमाल ऑर्गन नेत होते आणि मास्तर पुढेमागे धावत "कोपरा सांभाळा! अरे, कोपरा!" ओरडत होते. कपड्यांच्या खोलीत मामाने हात नळाखाली धरला होता. अनामिका निळसर पडली होती.  मामी टॉवेल घेऊन उभी होती.

त्याने हात पुसला, ओला शर्ट काढला. खुंटीवर दुसरा टांगलेला होता. बटणं लावलेली, वरची दोन सोडून. त्याने तो हातात घेतला आणि बराच वेळ त्या बटणांकडे पाहिलं, प्रथमच दिसत असल्यासारखं. मग तो डोक्यातून अंगात घातला.

जाकिटाच्या खिशातून त्याने ट्यूनर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. डबा त्याच्या अंगाच्या उबेने कोमट झाला होता. पडद्यावर अजून सकाळचाच आकडा होता, चारशे अठरा; त्याने त्याला हात लावला नव्हता.

मी तो मुठीत धरला. दिवसभर जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं काहीच आठवेना. मला जे येतं तेवढंच तोंडातून निघालं.

"मामा, शनिवारचा कार्यक्रम आहे. तारा कुठे लावू? वर, की खाली?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. बाहेर काहीतरी दाराच्या चौकटीवर आदळलं. ऑर्गन अडकला होता, आणि मास्तर सगळ्यांना एकदम शिव्या देत होते. मामाने डावा हात खिशात घातला, उजव्याने माझ्या डोक्यावर एक टपली मारली, "आधी त्या मास्तरला विचारू" म्हणाला, आणि त्या आवाजाच्या दिशेने चालू लागला.